पायधुणीची वाटी

९०० रुपये मोजून मी पंचवीस मिनिटं घोरले. घोरले हे मला पाय दाबणाऱ्या मुलीने सांगितलं, हसू आवरत. "मॅडम, एकदम डीप गेलात तुम्ही." भिंतीवर बुद्ध, कोपऱ्यात प्लास्टिकचा बांबू, खाली मुलुंडच्या रस्त्यावर रिक्षावाल्यांची भांडणं, आणि त्या रेक्झिनच्या खुर्चीत मी तोंड उघडं टाकून झोपलेली. आठ महिन्यांत इतकी गाढ झोप मला माझ्या स्वतःच्या गादीवर लागली नव्हती.

पैसे वसूल झाले म्हणून मी खुशीत घरी आले. रात्री पावणेतीनला टक्क जागी.

मागचं सांगते. मी ५२ वर्षांची. मुलुंडहून फोर्टला नोकरी, अकाउंट्समध्ये. गेल्या वर्षी पाळी गेली आणि जाताना झोपही घेऊन गेली. अकराला आडवं व्हायचं, साडेबारापर्यंत कुशी बदलायच्या, कसाबसा डोळा लागायचा, आणि अडीच-पावणेतीनला छातीतून एक गरम लाट उठून मान, कान, टाळूपर्यंत चढायची. गाऊन पाठीला चिकटलेला. पंखा पाचवर, शेजारी नवरा चादर गळ्यापर्यंत ओढून. तळपायांची तर अशी आग व्हायची, की मी उठून बाथरूमच्या लादीवर अनवाणी उभी राहायचे. मग पाचचा गजर होईपर्यंत डोक्यात व्हाउचरं जुळवायची.

सकाळी लेडीज डब्यात हे सांगायची खोटी, की पस्तीस औषधं मिळतात. दुधात जायफळ, खसखशीची खीर, जटामांसी, अश्वगंधा, उशीखाली लवंगा. एकीने सांगितलं रात्री मोबाइल बघू नकोस, आणि सांगताना ती मोबाइलच बघत होती. रोज खिडकीत बसणारी माझी एक मैत्रीण आहे, ठाण्याला चढते, ती म्हणाली, "रिफ्लेक्सॉलॉजी कर, तळपायाचे ठरावीक बिंदू दाबतात. गोळी नको, काढा नको. नुसते पाय."

गोळी नको हे मला पटलं, कारण गोळीचा प्रताप मी घरात नुकताच पाहिला होता.

आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. अकरा वर्षांपूर्वी सासरे गेले तेव्हा घरच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी लिहून दिली होती. पंधरा दिवसांची अकरा वर्षं झाली. रोज रात्री अर्धी गोळी. जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स, मग झेरॉक्सची झेरॉक्स, आणि शेवटी चिठ्ठीही लागेनाशी झाली. गल्लीतल्या दुकानात "आजींची गोळी" म्हटलं की स्ट्रिप काउंटरवर. हे औषध सरकारच्या शेड्यूल एच-वन या यादीतलं आहे. २०१४ पासून नियम असा की चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. आमच्या दुकानदाराने ते रजिस्टर उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. पण त्याला एकट्याला का बोल लावू? ऑफिसातून येताना स्ट्रिप आणणारी मीच.

डिसेंबरात रात्री दोनला त्या बाथरूमला उठल्या आणि दारातच पडल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने एक्स-रे बघायच्या आधी विचारलं, "आजी झोपेची गोळी घेतात का?" मी हो म्हटल्यावर त्याने मान हलवली, जणू एक्स-रे बघायची गरजच उरली नाही. या वयात हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, त्याने सांगितलं, रात्री उठलं की तोल जातो, स्मरणशक्तीवरही परिणाम होतो. मी म्हटलं, उद्यापासून बंद करते. तर तो जवळजवळ ओरडलाच. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडायची नाही. झोप पूर्वीपेक्षा बिघडते, जीव घाबरा होतो, फिटसुद्धा येऊ शकते. हळूहळू कमी करायची, काही महिने लागतील, आणि ते त्यालाच विचारून.

तर अशी परिस्थिती. साडेचारशे फुटांच्या घरात दोन बायका रात्रभर जाग्या, एक आतल्या खोलीत, एक बाहेरच्या, आणि मध्ये एक पुरुष घोरतोय.

आता त्या रिफ्लेक्सॉलॉजी सेंटरविषयी. नाव घेत नाही. आधी पाय कोमट पाण्यात, पाण्यात मीठ आणि गुलाबाच्या चार पाकळ्या. मग खुर्ची मागे कलते. समोर भिंतीवर तळपायांचं भलंमोठं रंगीत चित्र. अंगठ्यात मेंदू, बोटांच्या बुडाशी डोळे आणि कान, चवड्याखाली फुप्फुसं, डाव्या पायात हृदय, मधल्या खळग्यात जठर-आतडी, पायाच्या आतल्या कडेने पाठीचा कणा, टाचेत कंबर. शाळेतल्या भूगोलाच्या नकाशासारखं. मला आपली कोकणपट्टी सह्याद्रीला चिकटून दाखवतात तशी ती कण्याची पट्टी वाटली.

मुलीचे हात उत्तम होते, हे पहिल्यांदा सांगते. उभं राहून केलेल्या प्रवासाचं ओझं तिने टाचेतून कसं उपसून काढलं ते तिचं तिला माहीत. पण मधूनच मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या. एका लाकडी दांडीने त्यांनी माझ्या अंगठ्याच्या मधोमध दाबलं. मी कळवळले. "बघा, पिट्युटरी! स्लीपची ग्रंथी ब्लॉक आहे." खळग्यात दाबलं. "किडनी वीक." आतल्या कडेला दाबलं. "थायरॉइड कधी चेक केलं होतं?" अहो, रोज एक तास वीस मिनिटं गाडीत, त्यातला निम्मा वेळ एका पायावर, अशा बाईच्या तळपायात कुठेही दांडी खुपसली तरी ती कळवळणारच. दहा सिटिंगचं पॅकेज ७,५०० ला होतं. मी "सांगते" म्हणून निघाले. थायरॉइड मात्र तपासून घेतलं, भीती घातली की आपण ऐकतोच. नॉर्मल आलं.

पण ती पंचवीस मिनिटांची झोप मला सोडेना. पाय दाबल्याने मी झोपले हे खरं. नकाशामुळे झोपले का? हिशोबाच्या माणसाला नोंद जुळली नाही की चैन पडत नाही, तशी मी वाचायला लागले.

हे शास्त्र चीनमधलं पाच हजार वर्षांचं आहे असं सेंटरच्या पत्रकात होतं. त्या रंगीत नकाशाचं मूळ मात्र अमेरिकेतलं आणि बऱ्यापैकी अलीकडचं निघालं. विल्यम फिट्झगेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले, एका पट्ट्यात कुठेही दाब दिला की त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या ठिकाणचं दुखणं कमी होतं असं त्यांचं म्हणणं, आणि १९१७ साली त्यावर पुस्तक काढलं. पुढे १९३०च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी ते सगळं पायावर आणलं आणि कुठला अवयव कुठे ते तळव्यावर आखलं. त्या भिंतीवरच्या चित्राच्या आजीबाई याच. बाई कष्टाळू होत्या, गावोगाव हिंडून त्यांनी हे शिकवलं. पण तळव्यातल्या नसा पोटरीतून वर पाठीच्या कण्यात जातात, अंगठ्यातून पिट्युटरीला वेगळी तार गेलेली नाही. ऑस्ट्रेलिया सरकारने २०१५ साली अशा सतरा उपचारपद्धतींचा आढावा घेतला, त्यात रिफ्लेक्सॉलॉजीही होती. कुठल्या आजारावर ठाम उपयोग होतो असा पुरावा त्यांना मिळाला नाही, आणि २०१९ पासून तिथल्या खासगी विम्यातून तिला वगळलं.

मला सगळ्यात जास्त आवडला तो इंग्लंडमधला एक प्रयोग, २००२ साली छापलेला. आवडला कारण तो माझ्यासारख्याच बायकांवर होता. ४५ ते ६० वयाच्या ७६ बायका, सगळ्या पाळी जाण्याच्या त्रासातल्या. निम्म्यांना नकाशाप्रमाणे रिफ्लेक्सॉलॉजी, निम्म्यांना नुसतं साधं पाय चोळणं. करणारे हात तेच, प्रशिक्षित लोकांचे. शेवटी मोजलं तर दोन्ही गटांतल्या बायकांची चिंता, उदासी कमी झाली होती, आणि दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. झोपेवरही पुष्कळ छोटे छोटे प्रयोग झालेत. पाय दाबलेले लोक बरी झोप लागली असं सांगतात, पण आपले पाय दाबले जातायत हे त्यांना माहीत असतंच की, ते लपवणार कसं? त्यामुळे आढावा घेणारे हात राखून बोलतात. माझ्यापुरता मी अर्थ काढला: चोळण्याचे पैसे द्यावेत, नकाशाचे देऊ नयेत.

आणि चोळायचंच असेल तर मुलुंडच्या त्या सेंटरला ९०० रुपये कशाला?

इथे मला थोडं आडवळण घ्यायला हवं. पाय चेपणं हा शब्द माझ्या कानाला गोड नाही. गिरगावातल्या आमच्या चाळीत दोन खोल्या होत्या. रात्रीची भांडी झाली, मोरी धुतली, उद्याचं भाजीचं निवडणं झालं, की माझी आई आजीच्या पायाशी बसायची. बावीस वर्षं. ताप असला तरी. आजी झोपायची, आईच्या माना पडायच्या, आणि हात थांबला की आजी झोपेतच पाय हलवायची, की आईचा हात परत सुरू. समोर कॅलेंडरवर शेषशायी विष्णू आणि पायाशी लक्ष्मी. लक्ष्मीचे पाय कोण चेपतं, असं मी सातवीत आईला विचारलं होतं. "गप बस" म्हणाली, पण हसली. लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी एवढंच ठरवलं होतं, बाकी सगळं करीन, पाय चेपणार नाही. सासूबाईंनीही सत्तावीस वर्षांत कधी म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं.

त्या खुर्चीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं होतं की लेक झाली तेव्हाच्या मालिशवालीनंतर माझ्या तळपायाला कुणाचा हात लागून चोवीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, नवरा नाही, कुणीच नाही. आपल्याकडे पाया पडायला हात लावतात, तो बोटांच्या टोकांना, क्षणभर. तळवा तर अन्नाला, पुस्तकाला, माणसाला लागला तर नमस्कार करून माफी मागायची गोष्ट.

काशाची वाटी ही कल्पना सासूबाईंचीच. मी सेंटरची गोष्ट जेवताना सांगत होते, त्या प्लास्टरमधला हात सांभाळत डाव्या हाताने भात खात होत्या. "नऊशे?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, गुहागरला त्यांच्या आत्याकडे काशाची वाटी होती, उन्हाळ्यात तळपायांची आग झाली की तूप लावून त्या वाटीने घासायचे, पोरं पाच मिनिटांत गार. वाटीचं काय झालं ते माहीत नाही. गेली मोडीत.

म्हणून जानेवारीतल्या एका शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी क्रॉफर्ड मार्केटवरून अब्दुल रेहमान स्ट्रीटने चालत निघाले. तो रस्ता चालायचा नसतोच, तो आपल्याला ढकलत नेतो. हातगाड्या, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, डोक्यावर पाटी घेतलेले हमाल. टोकाला पायधुणी. काशाची वाटी आणायला मी निघाले होते आणि जागेचं नाव पायधुणी, हे मला तिथे पोचून दुकानाची पाटी वाचेपर्यंत सुचलं नाही. सात बेटांच्या काळी भरतीचं पाणी वरळीच्या खिंडारातून आत इथवर यायचं, पाणी-चिखल तुडवून आलेला माणूस मुंबई बेटावर पाऊल टाकताना इथे पाय धुवायचा, म्हणून पायधुणी, असं सांगतात. मुंबादेवीपासून दोन पावलांवर तांबाकाटा. तांब्यापितळेची भांडी काट्यावर तोलून विकायची ती जागा, अजूनही किलोच्या भावानेच देतात.

तिसऱ्या दुकानात वाटी मिळाली. दुकानदार म्हातारा, त्याने मी न विचारताच परीक्षा दाखवली. एक पितळी वाटी तळहातावर ठेवून तिला दुसऱ्या वाटीची कड लावली. टक्. संपलं. मग काशाची. टणणणण. नाद लांबत गेला, वाटी हातात थरथरत राहिली, शेजारच्या दुकानातला पोरगा वळून बघेपर्यंत. "टाळ-झांजा याच्याच असतात, ताई. घंटापण." कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण चार भाग तांबं नि एक भाग कथील. कासार हा शब्दही तिथूनच. तळाला गोल, आतबाहेर गुळगुळीत, कडा मारलेली अशी बघून घेतली, ४२० रुपये. येताना गाडीत गर्दीत पर्समध्ये ती चाव्यांवर आपटून प्रत्येक स्टेशनला एकदा वाजली.

पहिल्या रात्री मी माझेच पाय घासले. पाव चमचा साजूक तूप, पाय दुसऱ्या मांडीवर, वाटीचं बूड तळव्यावर टेकवून टाचेपासून बोटांकडे, मग खळग्यात गोल गोल. आधी गार लागतं. दोन मिनिटांनी वाटी कोमट होते आणि पोटरीपर्यंत काहीतरी सैल होतं. एका पायाला दहा मिनिटं. तळवा आणि वाटी दोन्ही काळीकरंडी. "बघ, उष्णता निघाली!" सासूबाई विजयी. हे सगळेच सांगतात, जितकं काळं तितकी उष्णता. मला मात्र स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी नवऱ्याची जुनी कोल्हापुरी घेतली, आतल्या चामड्याला तूप लावलं आणि वाटीने घासलं. चप्पलही काळी झाली. म्हणजे कोल्हापुरीलाही उष्णता झाली होती! वाटीतलं तांबं झिजतं, तुपातल्या आणि घामातल्या आम्लांशी त्याची गाठ पडते, त्याचा तो काळपटपणा. सासूबाईंनी चप्पल निरखून बघितली आणि म्हणाल्या, "घरभर तीच घालून फिरतो तो. होईल नाही तर काय."

पण उष्णतेची गोष्ट अगदीच टाकाऊ नाही, आणि हे मला नंतर कळलं. झोप येताना आपलं आतलं तापमान उतरायला लागतं. ती उष्णता बाहेर टाकायच्या खिडक्या म्हणजे तळहात आणि तळपाय. तिथल्या केस नसलेल्या कातडीखाली रक्तवाहिन्यांची अशी रचना असते की त्या उघडल्या की भराभर रक्त येतं, हातपाय गरम होतात आणि शरीर आतून निवतं. १९९९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये हेच छापलं होतं, पाय गरम असणाऱ्याला झोप लवकर लागते. म्हणून चादरीतून एक पाय बाहेर काढून झोपायची माझी सवय वेडेपणाची नव्हती, आणि चोळून पाय गरम करणंही वेडेपणाचं नाही. कोमट पाण्याचंही तेच. झोपण्याच्या तास-दोन तास आधी कोमट-गरम पाण्याने आंघोळ केली किंवा पाय बुडवून बसलं तर झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते असं दिसलंय. दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं ज्यांना झोप येते त्यांना वाटेल.

आमच्याकडे हे सगळं फार जुनं लिहून ठेवलंय म्हणा. दहावीला मी शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं होतं, ते अशा वेळी उपयोगी पडतं. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोज तेल लावायला सांगितलंय आणि पुढे म्हटलंय, "शिरःश्रवणपादेषु तं विशेषेण शीलयेत्". डोकं, कान आणि पाय यांना विशेषकरून. त्याने मिळणाऱ्या फायद्यांच्या यादीत 'स्वप्न' आहे, आणि तिथे स्वप्न म्हणजे झोप. अंगठ्यात मेंदू, टाचेत कंबर वगैरे भानगड नाही. लावा, एवढंच.

माझं झाल्यावर सासूबाईंचं. हे ठरवून झालं नाही. त्यांचा उजवा हात अडकलेला, पाय स्वतःला पोचत नाहीत, आणि मी तूप-वाटी घेऊन समोरच बसलेली. "आणा इकडे," मी म्हटलं. त्यांनी पाय आत ओढला. "नको गो." मी टॉवेल मांडीवर टाकला आणि पाय उचलून ठेवला.

इतकी वर्षं एका घरात राहून त्यांचे पाय मी कधी नीट बघितले नव्हते. टाचा भेगाळलेल्या, भेगांत कोकमतेल घालून घालून काळ्या रेषा पडलेल्या. दुसऱ्या बोटाच्या बुडाशी अजून खाच आहे, जोडव्याची. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, जोडवी त्याच दिवशी निघाली, बोट काही परत भरलं नाही. मी त्या खाचेवरून वाटी नेली तेव्हा त्या छताकडे बघत होत्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी करंगळीच्या खाली एक फोड सापडला. चपलेचा. त्यांना पत्ताच नव्हता. वीस वर्षं साखर असलेल्या माणसाच्या तळव्याला कळ लागेलच असं नाही, हे त्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं आणि रोज रात्री तळवे बघायचे असा नियमच घालून दिला. म्हणून सांगते, घरात कुणाला मधुमेह असेल तर गरम पाण्यात पाय घालू देऊ नका, पाणी चटका देतंय हे त्यांना कळणार नाही, आणि फोड, जखम असेल तिथे वाटी-बिटी लावू नका. एकच पाय सुजलाय, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, असं असेल तर चोळायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा, आत गुठळी असू शकते. आणि ज्यांना आडवं झालं की पाय सारखे हलवावेसे वाटतात त्यांनी रक्तातलं लोह तपासून घ्या. आमची ती ठाण्याची मैत्रीण त्यातली निघाली. तिची दहा सिटिंग आधीच झाली होती.

नुसत्या पायांनी सगळं झालं असं म्हटलं तर मी त्या मालकीणबाईंच्या पंक्तीत बसेन. त्याच तरुण डॉक्टरने मलाही चार गोष्टी ऐकवल्या. आठवड्यात तीन रात्री, असं तीन महिने चाललं की तो निद्रानाशाचा आजार, आणि त्यावर पहिला उपाय गोळी नव्हे, सवयी आणि विचार बदलण्याची सीबीटी-आय ही पद्धत. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच तसं सांगितलंय. रविवार असो, लग्नातून रात्री एकला आलेलो असो, सकाळी साडेपाचला उठायचं. झोप येत नसेल तर वीसेक मिनिटांनी गादीवरून उठायचं, बाहेर खुर्चीत बसायचं, पेंग आली की परत. आणि साडेचारचा कटिंग बंद. तो मला सगळ्यात जड गेला. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं हे माहीत असूनही साडेचारला ऑफिसात आल्याचा वास सुटला की माझं मन अजून पघळतं. पहिले दोन आठवडे मी इतकी पेंगत होते की एका व्हाउचरवर माझ्या सहीच्या जागी तारीख आणि तारखेच्या जागी सही केली.

आता एप्रिल चाललाय. मार्च एंड गेला. गरम लाटा येतात, पण आठवड्यात दोन-तीन रात्री मी त्यांच्यातून झोपून जाते, नवरा सांगतो. कधी कधी पावणेतीनला जाग येते, तेव्हा घड्याळ बघत नाही. सासूबाईंची अर्धी गोळी पाववर आली, आणि पावही आता एक दिवसाआड. मध्ये एक आठवडा फार वाईट गेला, त्या रात्रभर देवघरासमोर बसून होत्या, तेव्हा डॉक्टरने आहे तिथेच पंधरा दिवस थांबायला सांगितलं. अजून दोन-तीन महिने तरी लागतील म्हणतो.

रात्री साडेनऊला त्यांच्या खाटेवर टॉवेल पसरतो. टीव्ही बंद, माझा फोन स्वयंपाकघरात. वीस मिनिटं त्या बोलतात. गुहागरची आत्या, तिच्या परसातला रातांबा, आत्याच्या नवऱ्याचं दुसरं लग्न. सत्तावीस वर्षांत न ऐकलेल्या गोष्टी.

परवा असंच चाललं होतं. दुसरा पाय होत आला होता, त्यांचं बोलणं तुटक झालं, मग थांबलं, तोंड किंचित उघडलं. मी वाटी बाजूला ठेवायला गेले, ती तुपाने निसटली आणि लादीवर पडली. टणणणण. थांबेचना. आतून नवऱ्याने विचारलं, कोण आलंय?

"मेली वाटी! आत्ता कुठे डोळा लागत होता माझा," सासूबाई उठून बसल्या. वाकून त्यांनीच ती उचलली, उजव्या हाताने. पदराने पुसली. मग टॉवेलवर थोपटत म्हणाल्या, "कर पाय इकडे."

"आई, काहीतरीच काय! तुम्ही माझ्या पायाला हात लावणार?"

"हात कोण लावतंय? वाटी लावत्ये. आणि मनगट फिरवायला सांगितलंय ना मला?"

मी पाय केला. जोर काहीच नव्हता, वाटी नुसती फिरत होती, मला गुदगुल्या होत होत्या आणि हसताही येत नव्हतं. थोड्या वेळाने त्या थांबल्या, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि माझी टाच दिव्याकडे वळवून बघितली.

"डाव्या टाचेला भेग पडल्ये तुझ्या. ऊठ, कोकमतेल आण."